पाणंद, मळा आणि फरशी पूल: आपलं गाव ओपनस्ट्रीटमॅपवर कसं टाकायचं

आमच्या मळ्यात एकदा रात्री साडेदहाला ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली. काकूंना दम लागलेला, पाऊस चार दिवस उघडला नव्हता, आणि ड्रायव्हर बाहेरचा असल्यामुळे त्याने फोन दाखवेल तो रस्ता धरला. तो रस्ता गेला थेट ओढ्यावरच्या फरशी पुलावर आणि पुलावरून गुडघाभर पाणी चाललेलं. तिथे गाडी वळवायला जागा नाही, बिचाऱ्याने अंधारात रिव्हर्स घेत घेत डांबरी गाठली, मग फोनवर विचारत विचारत दुसऱ्या अंगाने पाणंदीतून, म्हणजे शेतांमधल्या वाटेने, घरापर्यंत आला, यात पाऊण तास गेला. काकू वाचल्या. पण त्या रात्रीनंतर मी लॅपटॉप उघडून बघितलं तर नकाशात आमची पाणंद नव्हतीच आणि पुलावर पाणी येतं हेही कुठे नव्हतं, मग त्या ड्रायव्हरला तरी कसं कळणार? ते आपणच नकाशाला सांगायला पाहिजे, आणि ते सांगता येतं, फुकट, घरबसल्या, कुणाची परवानगी न काढता. कसं ते मी खाली लिहिते. मी इंजिनियर वगैरे नाही, पलूस तालुक्यात कृष्णाकाठी राहते, सांगलीत नोकरी करते, हे सगळं करून करून शिकले.

ज्या नकाशाबद्दल बोलतेय तो ओपनस्ट्रीटमॅप. विकिपीडिया जसा लोक लिहितात तसा हा नकाशा लोक काढतात. २००४ साली ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केला, कारण तिकडे सरकारी नकाशांचा डेटा लोकांना मोकळेपणाने वापरता येत नव्हता. २०१० ला हैतीमध्ये भूकंप झाला तेव्हा जगभरातल्या लोकांनी आपापल्या घरी बसून उपग्रहाच्या फोटोंवरून पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते काही दिवसांत काढून दिले आणि मदतीला गेलेल्या पथकांनी तोच नकाशा वापरला. यातला डेटा कुणीही घेऊन वापरू शकतं, फक्त श्रेय द्यायचं, आणि त्यात भर घालून डेटा पुढे वाटला तर तोही असाच खुला ठेवायचा. म्हणजे तुम्ही आज काढलेली पाणंद उद्या एखाद्या ॲपमध्ये, परवा मदत पथकाच्या हातात जाऊ शकते. आपल्याकडे २००५, २०१९ आणि २०२१ असे महापूर बघितलेल्या माणसांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

अकाउंट आणि पहिला अर्धा तास

ओपनस्ट्रीटमॅप डॉट ऑर्ग वर जा, साइन अप करा, ईमेल टाका, आलेल्या मेलमधली लिंक दाबा, झालं. युजरनेम निवडताना मात्र दोन मिनिटं विचार करा. तुम्ही केलेला प्रत्येक बदल त्या नावाखाली सगळ्यांना दिसतो आणि माणूस सुरुवातीला आपल्या घराच्या आसपासच काम करतो, त्यामुळे पूर्ण नाव-आडनाव टाकलं की तुम्ही कुठे राहता हे कुणालाही ताडता येतं. मुलींनी तर हे नक्कीच लक्षात ठेवा, टोपणनाव घ्या.

मग नकाशात आपलं गाव शोधा, चांगलं जवळ झूम करा (लांबून एडिटचं बटण चालत नाही) आणि एडिट दाबा. आयडी नावाचा एडिटर ब्राउझरमध्येच उघडतो, काही डाउनलोड करायचं नाही. पहिल्यांदा तो वॉकथ्रू करणार का विचारतो, तिथे हो म्हणा. मी घाईत नको म्हटलं होतं आणि नंतर दोन दिवस चुका निस्तरत बसले. त्या वॉकथ्रूमध्ये एका बनावट गावात तुमच्याकडून सराव करून घेतात, खऱ्या नकाशाला काही होत नाही, बिनधास्त करा.

एडिटरमध्ये तीनच गोष्टी आहेत: पॉइंट, लाइन, एरिया. हातपंप, मंदिर, एसटी थांबा हे पॉइंट. रस्ता, पाणंद, ओढा, कॅनॉल या लाइनी. घर, शेततळं, शाळेचं पटांगण हे एरिया. कीबोर्डवर १, २, ३ दाबलं की अनुक्रमे हेच तीन सुरू होतात. काढलेल्या गोष्टीला ती काय आहे हे सांगायचं, त्याला टॅग म्हणतात, डावीकडच्या सर्च बॉक्समध्ये इंग्रजीत टाइप केलं की यादी येते त्यातून निवडायचं. चुकलं तर कंट्रोल झेड. सेव्ह करेपर्यंत सगळं तुमच्याच स्क्रीनवर असतं.

लॅपटॉप नसेल तर ॲन्ड्रॉइड फोनवर स्ट्रीटकम्प्लीट टाका, ते ॲप तुम्ही जिथे उभे आहात तिथलेच सोपे प्रश्न विचारतं, हा रस्ता डांबरी का कच्चा, इथे लाइटचे खांब आहेत का, ही इमारत किती मजली. उत्तर द्या, पुढे चला. आयफोनवाल्यांना एव्हरी डोअर आहे, दुकानं-दवाखाने टाकायला ते छान (ॲन्ड्रॉइडवरही चालतं). पण रस्ते काढायचं काम लॅपटॉपवरच करा, बोटाने काढलेली पाणंद वाकडीतिकडी होते.

नकाशा काढायच्या आधी पायी जा

हे माझं सगळ्यात आग्रहाचं सांगणं आहे. उपग्रहाच्या फोटोवरून बंगळुरूतला किंवा बर्लिनमधला माणूसही रस्ता काढू शकतो, आणि काढतोही, चांगलंच आहे. पण त्या रस्त्याला काय म्हणतात, तिथून ट्रॅक्टर जातो का फक्त मोटरसायकल, पावसाळ्यात तो बंद होतो का, हे त्याला वरून कसं दिसणार? ते फक्त तुम्हाला माहितीये. म्हणून एका रविवारी वही-पेन घेऊन निघा, फोनमध्ये ऑसमँड हे नकाशाचं ॲप टाकून ट्रिप रेकॉर्डिंग चालू ठेवा, म्हणजे तुम्ही चाललेली वाट जीपीएक्स फाइलमध्ये पडते, ती फाइल नंतर एडिटरवर ओढून टाकली की रेघ दिसते आणि तिच्या आधाराने काढता येतं.

आणि वाटेत माणसं भेटली की विचारा. मी बांधावर बसलेल्या एका आण्णांना विचारलं, "आण्णा, ह्या पाणंदीला काय म्हणता ओ तुम्ही?"

"चिंचेची पाणंद."

"पण चिंच कुठाय?"

"चिंच गेली की बाई कवाच, मी पोरगा हुतो तवा. नाव ऱ्हायलं."

मग त्यांनीच पुढचं सांगितलं, की ही पाणंद पुढे दोन फाट्यांना फुटते, डावीकडची वस्तीवर जाते आणि उजवीकडची नदीच्या मळीत उतरते, आणि मळीतली वाट पाणी चढलं की सगळ्यात आधी जाते. दहा मिनिटांत मला जे कळलं ते महिनाभर स्क्रीनकडे बघून कळलं नसतं. ते सगळं मी वहीत तिथेच लिहून घेतलं, फाट्याच्या खुणेसकट.

पाणंद काढताना

आपल्याकडची मोठी अडचण म्हणजे ऊस. दोन्ही बाजूला आडसाली ऊस उभा असला की पाणंद फोटोत दोऱ्यासारखी दिसते किंवा दिसतच नाही, आणि हंगामात तोड झाली की तीच पाणंद लख्ख दिसते. म्हणून बॅकग्राउंडचे फोटो बदलून बघा, बी दाबलं की यादी उघडते, बिंग आणि एसरी या दोन कंपन्यांचे फोटो तपासा, एकाचा फोटो उसाच्या दिवसातला असेल तर दुसऱ्याचा तोड झाल्यानंतरचा निघू शकतो. दुसरी गोष्ट, फोटो कधीकधी खऱ्या जागेपासून काही मीटर सरकलेला असतो. तुमची जीपीएसची रेघ आणि फोटोतला रस्ता सगळीकडे एकाच बाजूला तेवढाच सरकलेला दिसला तर फोटो सरकवायची सोय बॅकग्राउंडच्या त्याच यादीखाली आहे, नकाशातले रस्ते सरकवत बसू नका.

पाणंदीला टॅग लावायचा ट्रॅक. गावातल्या घरांमधल्या रस्त्याला रेसिडेन्शियल, एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणाऱ्या छोट्या डांबरी रस्त्याला बऱ्याचदा अनक्लासिफाइड, नुसतंच माणूस जाईल अशा पायवाटेला पाथ. नवीन लोक सगळ्यालाच रेसिडेन्शियल लावतात आणि मग नकाशा मोठ्या गाडीलाही बांधावरनं पाठवतो. ट्रॅकला पुढे ट्रॅक टाइप विचारतो, ग्रेड १ ते ५. खडी-काँक्रीट केलेली पक्की पाणंद ग्रेड १, दगड-मुरूम टाकून दाबलेली असली तर २, आणि निव्वळ काळी माती, जिच्यात पावसाळ्यात ट्रॅक्टरचं चाकही बसतं ती ५. आमच्याकडे एकाच पाणंदीत दोन्ही असतं, डांबरीपासून पहिल्या वस्तीपर्यंत मुरूम आणि तिथून पुढे काळी, अशा वेळी लाइन त्या ठिकाणी तोडायची आणि दोन तुकड्यांना वेगवेगळे ग्रेड द्यायचे. हे करायला कंटाळा येतो, पण ॲम्ब्युलन्सवाल्याला नेमकी हीच माहिती लागते.

पाणंद जिथे डांबरीला मिळते तिथे ती खरंच जोडली गेलीये का बघा. रेघ नुसती रस्त्याजवळ नेऊन सोडली तर डोळ्याला जोडलेली दिसते पण ॲपच्या दृष्टीने मध्ये खड्डा असतो, ते त्या वाटेने कुणालाच पाठवत नाही. शेवटचं क्लिक रस्त्याच्या रेघेवरच पडलं पाहिजे, तिथे एक बारीक टिंब तयार होतं.

ओढा आणि फरशी पूल

ओढा काढायचा तो पाण्याच्या दिशेने, वरून खाली, म्हणजे बाण बरोबर येतात. टॅग स्ट्रीम. रस्ता ओढ्यावरून किंवा कॅनॉलवरून जातो तिथे एडिटर लगेच पिवळी खूण दाखवून विचारतो की इथे काय आहे. पूल असला तर रस्त्याचा तेवढाच तुकडा ब्रिज करा. रस्त्याखाली नुसत्या सिमेंटच्या नळ्या असतील (आपण मोरी म्हणतो) तर ओढ्याच्या तुकड्याला कल्व्हर्ट लावा. रस्ता सरळ पाण्यातूनच जात असेल, पूल-बिल काही नाही, तर फोर्ड.

फरशी पूल, म्हणजे पाणी वाढलं की बुडणारा ठेंगणा पूल, या तिन्हीच्या मधला आहे. त्यासाठी ब्रिजच्या पुढे लो वॉटर क्रॉसिंग असा प्रकार आहे, तो निवडा, आणि सोबत खाली टॅगच्या यादीत फ्लड प्रोन = यस हा टॅग हाताने घाला (टॅग इंग्रजी लिपीतच लिहायचा, दोन शब्दांच्या मध्ये अंडरस्कोअर). नदीकडच्या मळीतल्या वाटा, पाणी चढलं की बुडणारा रस्त्याचा सखल भाग, यांनाही तो लावा, पण फक्त जिथे पाणी येताना तुम्ही स्वतः बघितलंय किंवा तिथे राहणाऱ्या माणसाने सांगितलंय तिथेच. अंदाजाने अख्ख्या गावाला लावला तर त्याचा उपयोग शून्य होतो. आमच्या ओढ्यावरचा पूल मी सगळ्यात आधी टाकला, तो टॅग लावताना हात थोडा थरथरला होता.

वस्त्या आणि नावं

गावठाण नकाशात बऱ्याचदा असतं. नसतात ते मळे आणि वस्त्या, आणि आपल्याकडे कितीतरी माणसं मळ्यातच राहतात. वस्तीसाठी एक पॉइंट टाका आणि त्याला हॅम्लेट लावा. एक-दोनच घरं असतील तर आयसोलेटेड ड्वेलिंग. कुणी राहत नाही पण शिवाराच्या त्या तुकड्याला नाव आहे, तर लोकॅलिटी. वस्तीला सगळ्यांच्या तोंडात जे नाव आहे तेच टाका, कुणा एका माणसाच्या घराला त्याचं नाव देऊ नका, कोण कुठे राहतं ही ज्याची त्याची खासगी गोष्ट आहे.

नाव मराठीत जरूर टाका. भारतात मुख्य नावाच्या रकान्यात बऱ्याच ठिकाणी इंग्रजी नाव असतं, ते आधीपासून असेल तर पुसू नका. रकान्याच्या शेजारच्या अधिकच्या चिन्हावर दाबलं की दुसऱ्या भाषेतलं नाव घालता येतं, तिथे मराठी निवडा आणि नीट देवनागरीत लिहा. इंग्रजी स्पेलिंगवरून ळ चा ल आणि ण चा न होतो, मग बाहेरची माणसं मळ्याचा माला करतात आणि बोरगावचं बोरगाँव. आपल्या गावाचं नाव आपल्या भाषेत बरोबर लिहिलेलं नकाशात बघितलं की फार बरं वाटतं, खरंच सांगते.

वस्ती झाली की मग झेडपीची शाळा, अंगणवाडी, दवाखाना, पाण्याची टाकी, सोसायटी, डेअरी, तालीम, स्मशानभूमी. पुरात लोकांना हलवतात ते शाळेत किंवा मंगल कार्यालयात, त्यामुळे मी शाळा आणि कार्यालयं दुकानांच्या आधी घेते. घरं काढताना छपराची नाही, पायाची कड धरा, फोटो तिरका असला की छप्पर सरकलेलं दिसतं. चार कोपरे टाकून क्यू दाबलं की घर काटकोनात येतं.

वरून फसवणाऱ्या गोष्टी

फोटोत निळंशार चौकोनी पाणी दिसलं की ते स्विमिंग पूल नसतं, ते शेततळं असतं, प्लास्टिकचा कागद घातलेलं. तासगाव, कवठेमहांकाळकडे कुणीतरी लांबून काढलेले असे "स्विमिंग पूल" मी माझ्या हाताने दुरुस्त केलेत, त्यांना पाँड लावायचं. तसंच लांबच लांब हिरव्या जाळीची पट्टी दिसली की लोक तिला इमारत करतात, ती असते बेदाणा शेड, द्राक्षं वाळत घालायची. ती इमारतीसारखी भिंतीची नसते, काही हंगामानंतर जाळी काढूनही ठेवतात, म्हणून जाऊन बघितल्याशिवाय काढू नका. द्राक्षबागेवर कागदाचं आच्छादन असलं तर तीही पांढऱ्या पत्र्याच्या शेडसारखी चमकते. पॉलीहाऊस मात्र खरंच इमारतीत धरतात, त्याला ग्रीनहाऊस आहे. विहिरी आपल्याकडच्या मोठ्या, झाडीने झाकलेल्या, त्या वरून काळा ठिपका दिसतात, आणि तोच ठिपका कधी आंब्याच्या झाडाची सावली निघतो.

हे करू नका

गुगल मॅप किंवा दुसऱ्या कुठल्याही कंपनीच्या नकाशात बघून नाव, रस्ता, दुकान उतरवून घेऊ नका. तो त्यांचा डेटा आहे, कॉपी सापडली तर तुमचं सगळं काम काढून टाकावं लागतं. छापील नकाशे आणि गाइडबुकांचंही तेच. डोळ्यांनी बघितलेलं, कुणाला विचारलेलं, आणि एडिटरच्या यादीतले परवानगी असलेले फोटो, एवढ्यावरच काम करा.

तालुक्याच्या, जिल्ह्याच्या हद्दी, मोठे हायवे, कृष्णा नदीचं पात्र यांना पहिले काही महिने हात लावू नका. या गोष्टी रिलेशन नावाच्या प्रकारात एकमेकांत गुंफलेल्या असतात, एक टिंब हललं तरी लांबवर काहीतरी मोडतं. आणि आधीच्या माणसाचं काम चुकलंय असं वाटलं तर पुसून नवीन काढण्यापेक्षा आहे त्यातच दुरुस्त करा, म्हणजे जुना इतिहास राहतो.

सेव्ह करताना

एका वेळी थोडं काम, एकाच भागातलं, आणि सेव्ह. पलूस आणि जत एकाच सेव्हमध्ये घेऊ नका, तपासणाऱ्याला काही कळत नाही. सेव्ह करताना कमेंट मागतो, तिथे "अपडेट" असं लिहून सोडू नका. मी लिहिते तसं लिहा: "वस्तीकडे जाणारी पाणंद काढली, फरशी पूल टाकला, स्वतः चालून बघितलंय." मराठीत चालतं. खाली एक चौकट असते, कुणीतरी माझं काम तपासावं अशी विनंती करायची, सुरुवातीचे महिना-दोन महिने ती टिकमार्क करत जा.

बदल मुख्य नकाशावर काही मिनिटांत दिसतो. नाही दिसला तर कंट्रोल एफ५ दाबून बघा, ब्राउझर जुनंच चित्र दाखवत असतो. नवीन लोक इथे घाबरतात आणि तीच पाणंद दुसऱ्यांदा काढतात, मग एकावर एक दोन रेघा पडतात.

कधीतरी कुणी अनोळखी माणूस तुमच्या बदलाखाली इंग्रजीत प्रश्न विचारेल, हे असं का केलंस. रागावू नका, पळूनही जाऊ नका. माझ्या तिसऱ्याच बदलावर एकाने विचारलं होतं की इथे ट्रॅक ओढ्यात का संपतो. मी उघडून बघितलं तर पलीकडचा तुकडा जोडायचाच राहिला होता. दोन ओळी उत्तर लिहिलं, जोडून टाकला, त्याने आभार मानले.

पावसाळ्याआधी

काढलेला नकाशा वापरायला फोनवर ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑसमँड घ्या, दोन्ही नेटशिवाय चालतात, एकदा महाराष्ट्राचा नकाशा डाउनलोड करून ठेवायचा. पुराच्या दिवसात लाइट जाते, टॉवर बंद पडतात, तेव्हा नेटवरचे नकाशे पांढरे पडतात आणि हा चालू राहतो. फक्त एक लक्षात घ्या, या ॲपमधला नकाशा रोजच्या रोज बदलत नाही, त्यांचा नवीन डेटा यायला काही आठवडे लागू शकतात. त्यामुळे फरशी पूल, मळीतल्या वाटा, वस्त्यांच्या पाणंदी हे काम एप्रिलपर्यंत उरका, ऊसही तोवर बराचसा तुटलेला असतो त्यामुळे फिरायला आणि बघायला सोपं जातं. मग जूनच्या पहिल्या आठवड्यात घरातल्या सगळ्यांच्या फोनवर नकाशा पुन्हा अपडेट करून घ्या, आणि डांबरीपासून घरापर्यंतचा रस्ता एकदा त्यात टाकून बघा, बरोबर पाणंदीने आणतोय का अजून पुलाकडेच पाठवतोय.